चार बांधांचे शेत आणि पाचवे माप



बियाणे, खत, फवारणी यांवर या पत्रिकेतून आपण नेहमी बोलतो. आज बोलायचे आहे ते जमिनीच्या मापाबद्दल. विषय शाळेतल्या भूमितीचा वाटेल, पण घाबरू नका. 'भूमिती' या शब्दाचा अर्थच मुळी जमिनीचे माप असा आहे. भू म्हणजे जमीन आणि मिती म्हणजे माप. हे शास्त्र शाळेच्या फळ्यावर नंतर आले, आधी ते बांधावर होते.

एक साधा प्रश्न विचारतो. शेताचे चारही बांध फीत लावून नीट मोजले, चार आकडे कागदावर लिहिले. मग शेत मोजून झाले काय?

बहुतेक जण म्हणतील, झाले. उत्तर मात्र 'नाही' असे आहे. आणि हे 'नाही' माणसाला कळायला हजारो वर्षे लागली. ते ज्यांना कळले नाही त्यांचे पदरचे पैसे गेले. कसे गेले, तेच आज पाहू.

चार काठ्यांचा प्रयोग

आधी घरच्या घरी एक प्रयोग करा. बांबूच्या सारख्या लांबीच्या चार काठ्या घ्या आणि टोकाला टोक लावून सुतळीने चौकट बांधा. चौकट जमिनीवर ठेवून एका कोपऱ्याने हळूच ढकला. काय होते? चौकट कलते. चौरस होता त्याचा शंकरपाळा होतो. आणखी ढकलली तर शंकरपाळा चपटा होत जातो आणि शेवटी चारही काठ्या एकमेकींना चिकटतात, आत जागाच उरत नाही. काठ्या त्याच, त्यांची लांबी तीच, घेरही तोच. आतली जागा मात्र पूर्ण चौरसापासून शून्यापर्यंत बदलली.

आता तीन काठ्यांचा त्रिकोण बांधा आणि ढकलून बघा. तो हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही. म्हणून वाडीच्या बेड्याला आपण एक तिरकी पट्टी ठोकतो. ती नसली तर बेडा पहिल्याच पावसात वाकतो. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणाऱ्या या तिरक्या रेषेला कर्ण म्हणतात. शेताचे पाचवे माप ते हेच.

चार कोपऱ्यांचा हिशेब

चौकोनाच्या कोपऱ्यांचाही एक पक्का नियम आहे. जुन्या कागदाचा कसाही वेडावाकडा चौकोन कापा. त्याचे चारही कोपरे फाडून घ्या आणि चारही टोके एका ठिपक्यावर आणून शेजारी शेजारी मांडा. ठिपक्याभोवतीचे वर्तुळ बरोबर भरते. फट राहत नाही, कोपरा कोपऱ्यावर चढत नाही. म्हणजे चार कोन मिळून ३६० अंश, चार काटकोनांइतके होतात.

असे का? कर्ण ओढला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येक त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. दोन त्रिकोणांची मिळून ३६०. चौकोनाचा सगळा स्वभाव कर्णातून कळतो तो असा.

या नियमाचा उपयोग लक्षात घ्या. शेताचा एक कोपरा फाकला तर दुसरा कुठला तरी आवळलाच पाहिजे, कारण बेरीज ठरलेली आहे. आणि तीन कोपरे काटकोनात असले तर चौथा आपोआप काटकोनात येतो, तो वेगळा तपासावा लागत नाही.

समोरासमोरचे बांध सारखे असले तर समोरासमोरचे कोपरेही सारखे असतात. अशा चौकोनाचे दोन कर्ण एकमेकांना बरोबर मध्यावर छेदतात. पण तेवढ्याने तो काटकोनी होत नाही, तो कललेलाही असू शकतो. दोन्ही कर्ण मोजले आणि तेही सारखे भरले, तरच चारही कोपरे काटकोनी. घराचा पाया आखताना गवंडी नुसत्या गुण्यावर विसंबत नाही, दोरी तिरकी लावून दोन्ही कर्ण जुळवतो, ते यासाठीच.

दोरीची ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. यज्ञाच्या वेदी बांधण्याचे नियम ज्या ग्रंथांत आहेत त्यांना शुल्बसूत्रे म्हणतात, आणि शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम दिलेला आहे. आयताच्या कर्णावर चौरस उभारला तर त्याचे क्षेत्र लांबीवरचा चौरस आणि रुंदीवरचा चौरस यांच्या बेरजेइतके असते. तीन, चार आणि पाच हातांची दोरी लावून काटकोन काढतात, त्याचे मूळ या नियमात आहे. तीन गुणिले तीन नऊ, चार गुणिले चार सोळा, दोन्ही मिळून पंचवीस, म्हणजे पाच गुणिले पाच.

कच्चा नियम आणि त्याचा बळी

आता पैशाच्या गोष्टीकडे येऊ. चार बांध मोजून क्षेत्र काढण्याचा एक सोपा नियम जगात फार ठिकाणी चालत आला आहे. समोरासमोरचे दोन बांध मिळवून निम्मे करायचे, उरलेले दोन मिळवून निम्मे करायचे, आणि दोन्ही आकडे गुणायचे. आजही जागेच्या तोंडी सौद्यात हा हिशेब ऐकू येतो.

इजिप्त देशात नाईल नदीकाठी एडफू गावी एक मोठे देऊळ आहे. ते ख्रिस्तपूर्व २३७ ते ५७ या काळात बांधले गेले. देवळाच्या शेतजमिनींची यादी त्याच्या भिंतीवर कोरलेली असून त्या जमिनींची क्षेत्रे याच नियमाने काढलेली आहेत. ज्या देशाने डोंगराएवढे पिरॅमिड काटकोनात बसवले, तिथेही शेते मात्र या कच्च्या नियमाने मोजली गेली.

या नियमाची चूक एका दिशेचीच असते. शेत पक्के काटकोनी असेल तरच उत्तर बरोबर येते. नाही तर ते नेहमी खऱ्यापेक्षा जास्त येते, कधीही कमी येत नाही. कारण समजून घ्या. एका कोपऱ्याला मिळणारे दोन बांध घ्या. त्यांच्या मधला त्रिकोण सर्वांत मोठा केव्हा होतो? कोपरा काटकोनी असेल तेव्हा. कोपरा आवळला तरी त्रिकोण लहान होतो आणि फाकला तरीही लहान होतो. कच्चा नियम प्रत्येक कोपरा काटकोनी धरून चालतो, म्हणून तो सगळीकडे जास्तच माप दाखवतो.

तराजूचा काटा एकाच बाजूला झुकत असेल तर नुकसान कायम एकाच गिऱ्हाइकाचे होते. शेतसारा क्षेत्रावर असेल तर या नियमाने सारा भरणारा बुडतो आणि वसूल करणाऱ्याचा फायदा होतो. जमीन विकायची असेल तर घेणारा बुडतो. जमीन खंडाने द्यायची असेल तर खंड भरणारा बुडतो. तोटा ज्याच्या हातात फीत नाही त्याच्या वाट्याला येतो.

ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य

आपल्या देशातल्या गणितज्ञांनी ही गोष्ट ओळखली होती. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्रह्मस्फुटसिद्धान्त' हा ग्रंथ लिहिला. त्यात हा कच्चा नियम आहे, पण त्याला स्थूल म्हणजे अंदाजाचा असे म्हटले आहे. त्याच्याच जोडीला सूक्ष्म नियमही दिला आहे. चार बाजूंची बेरीज निम्मी करा, त्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करा, आलेले चार आकडे एकमेकांशी गुणा आणि वर्गमूळ काढा. नियम सुंदर आहे, पण तो एकाच जातीच्या चौकोनाला लागू पडतो. ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर बसतात आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज १८० अंश भरते, त्या चौकोनाला. आपली खाचरे काही वर्तुळावर बसवलेली नसतात.

पुढचे पाऊल टाकले ते सह्याद्रीच्या परिसरात राहिलेल्या भास्कराचार्यांनी. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा, आणि 'लीलावती' हा ग्रंथ इ. स. ११५० चा. आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा संबंध दगडावर कोरलेला आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला, असे त्यात सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

'लीलावती'त भास्कराचार्य चौकोनाबद्दल अगदी रोखठोक बोलतात. त्यांचे म्हणणे असे, की बाजू त्याच असल्या तरी कर्ण वेगवेगळे असू शकतात, मग क्षेत्र एकच कसे असेल? लंब सांगत नाही, कर्णही सांगत नाही, आणि तरी चौकोनाचे नक्की क्षेत्र विचारतो, अशा माणसाला ते पिशाच म्हणतात. आणि असल्या प्रश्नाला उत्तर देऊ पाहणारा त्याहून मोठा पिशाच! आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचे हे बोल आजच्या जमीन व्यवहाराला तंतोतंत लागू आहेत.

त्यांचे उदाहरणही आपल्या चार काठ्यांसारखेच आहे. चारही बाजू २५ धरा. दोन्ही कर्ण सारखे असतील तर तो चौरस, त्याचे क्षेत्र ६२५. आता चौकट थोडी कलवा. एक कर्ण ३० झाला तर दुसरा ४० होतो आणि क्षेत्र ६०० राहते. आणखी कलवा. एक कर्ण १४ झाला तर दुसरा ४८ होतो आणि क्षेत्र उरते ३३६. चारही बाजू पंचवीसच्या पंचवीस, आणि जमीन निम्म्याच्या आसपास आली. अशा शंकरपाळ्याच्या आकाराचे क्षेत्र काढायचे तर दोन्ही कर्ण गुणून निम्मे करायचे. ३० गुणिले ४० म्हणजे १२००, त्याचे निम्मे ६००. पडताळून पाहा.

काठी, साखळी आणि आपले कोकण

सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी झाली. कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत त्या मोजणीची मापे दिलेली आहेत. पाच हात पाच मुठी लांबीची काठी, म्हणजे ८२ तसू. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद अशी जमीन म्हणजे एक बिघा. १२० बिघे म्हणजे एक चावर. जुने लोक याला 'औरस-चौरस' म्हणत. या शब्दातच काटकोन आला. चार बाजूंनी वीस-वीस काठ्या भरल्या, पण जमीन कललेली असली, तर तो पुरा बिघा नव्हे.

इंग्रजी अमलात १८२० च्या दशकात थॉमस जार्व्हिस या लष्करी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणची पाहणी केली. त्याचा भाऊ जॉर्ज जार्व्हिस याच्या पुढाकाराने त्याच सुमारास गणिताची आणि भूमितीची पुस्तके मराठीत आली. पुढे १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात नवी मोजणी आणि तीस वर्षांच्या साऱ्याची आकारणी केली. मुंबई इलाख्यातली पुढची जमीनमोजणी त्या धर्तीवर झाली. प्रत्येक शेताला नंबर, हद्दीला दगड आणि दप्तरात नकाशा, ही व्यवस्था तेव्हाची.

त्या मोजणीचे हत्यार होते शंकू आणि साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशी काटकोनी जमीन म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शंकू म्हणजे काठीवर बसवलेला लाकडी ठोकळा. त्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन खाचा असतात. एका खाचेतून साखळीच्या रेषेकडे पाहायचे आणि दुसरीतून शेताच्या कोपऱ्याकडे. कोपरा दिसला की तिथून साखळीवर काटकोनातली रेषा पडली, तिला लंब म्हणतात.

म्हणजे मोजणीदार नुसते बांध मोजून गप्प बसत नसे. तो शेताच्या पोटातून साखळी नेत असे आणि दोन्ही अंगांनी लंब टाकत असे. भास्कराचार्यांनी मागितलेली दोन मापे, कर्ण आणि लंब, तीच ही. देशाच्या मोठ्या नकाशाचेही तसेच. लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून जे सर्वेक्षण सुरू केले, ते त्रिकोणाला त्रिकोण जोडत पुढे गेले. कारण त्रिकोण हलत नाही.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात खोतीमुळे जमिनीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. खोती गावांत कूळ अर्धेलीने किंवा तिर्धेलीने, म्हणजे पिकाचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा खोताला देत असे. उभ्या पिकाच्या अंदाजावर देणे ठरत असे. १८८० मध्ये खोतीचा खास कायदा झाला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली. कूळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्या कुळाचा जमिनीवरचा मालकी हक्क मान्य झाला.

तेव्हापासून मापाचे महत्त्व बदलले. पूर्वी कुळाला प्रश्न होता, पीक किती आणि खोताचे किती. आता प्रश्न आहे, सातबारावर माझ्या नावे क्षेत्र किती आणि ते जागेवर आहे कुठे. त्यात आपली जमीन तुकड्यातुकड्यांची. वरकसाचा उतार, खाली भातखाचरे, मधून पऱ्या वाहतो, एका अंगाला गडगा, दुसऱ्या अंगाला पाणंद. काटकोनी शेत शोधून सापडत नाही. चौकोनाचे ज्ञान खरे लागते ते आपल्याच जिल्ह्यात.

एक खाचर मोजून पाहू

आता हिशेब करू. एका खाचराचे चार बांध क्रमाने ७३, १६०, १२८ आणि ११० फूट आहेत.

कच्च्या नियमाने : ७३ आणि १२८ समोरासमोर, निम्मी बेरीज १००.५. १६० आणि ११० समोरासमोर, निम्मी बेरीज १३५. गुणाकार सुमारे १३,५६८ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ साडेबारा गुंठे.

आता नीट मोजू. पहिल्या आणि चौथ्या बांधाचा जिथे कोपरा होतो, तिथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली. कर्ण भरला १९८ फूट. एका बाजूच्या कोपऱ्याचा दोरीवरचा लंब ५५ फूट, दुसऱ्या बाजूचा ६६ फूट. लंबांची बेरीज १२१. मग १९८ गुणिले १२१ म्हणजे २३,९५८, त्याचे निम्मे ११,९७९ चौरस फूट. याला १०८९ ने भागले की बरोबर ११ गुंठे.

साडेबारा कुठे आणि अकरा कुठे! दीड गुंठा जमीन नुसत्या कागदावर होती. ती विकत घेणाऱ्याने पैसे मोजले असते आणि पेरायला गेला असता तर बांध आडवा आला असता.

याच खाचराचे दोन भावांत वाटप करायचे आहे असे समजा. 'कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरी धरा, दोघांना निम्मे निम्मे' असे कुणीतरी वडीलधारा सांगतो. ते मानायचे का? कर्णाच्या एका अंगाला १९८ गुणिले ५५ चे निम्मे, म्हणजे ५,४४५ चौरस फूट, पाच गुंठे. दुसऱ्या अंगाला १९८ गुणिले ६६ चे निम्मे, ६,५३४ चौरस फूट, सहा गुंठे. एकाला पाच, एकाला सहा. समोरासमोरचे बांध सारखे असतील तरच कर्ण शेताचे नक्की दोन समान भाग करतो. वाकड्यातिकड्या शेतात बहुधा करीत नाही. दोघा भावांच्या मनात खोट नसली तरी माप चुकले की पुढच्या पिढीत भाऊबंदकी उभी राहते. त्यापेक्षा आज दोन लंब मोजलेले बरे.

लंब मोजायला शंकू नसला तरी चालेल. फितीचे टोक कोपऱ्यावर एकाने धरावे, दुसऱ्याने फीत ताणून कर्णाच्या दोरीवर पुढे-मागे फिरवावी. जिथे आकडा सर्वांत कमी येतो, तोच लंब.

कलमांची आखणी

हीच भूमिती बागेतही लागते. हापूसची लागवड १० मीटर बाय १० मीटर अंतरावर केली तर हेक्टरी १०० कलमे बसतात. पण हे गणित चौक काटकोनी असले तरच. पुष्कळ वेळा पहिली ओळ बांधाच्या कडेने धरतात, दुसरी दुसऱ्या बांधाच्या कडेने, आणि बांध मात्र एकमेकांना काटकोनात नसतात. मग प्रत्येक चौकाचा शंकरपाळा होतो. कोपरा ६० अंशांचा झाला तर बाजू १० मीटरच राहतात, पण झाडाला १०० ऐवजी साडेशहाऐंशी चौरस मीटरच जागा मिळते आणि तिरकस शेजारी १४ मीटरवर असायचा तो १० मीटरवर येतो. षट्कोनी पद्धतीत असे मुद्दाम ठरवून करतात, त्यात सुमारे १५ टक्के झाडे जास्त बसतात. ठरवून केले तर ती पद्धत, न कळत झाले तर ती दाटी. कलमे वाढून फांद्या एकमेकींत घुसू लागल्या की ती चूक दिसते, आणि तेव्हा झाड हलवता येत नाही.

म्हणून सपाट जागेत पहिली ओळ आखली की तिच्या टोकाशी ६, ८ आणि १० मीटरच्या दोरीने काटकोन काढा. ६ मीटर ओळीवर, ८ मीटर आडव्या अंगाला, आणि दोन्ही टोकांमध्ये बरोबर १० मीटर. चौक आखून झाला की त्याचे दोन्ही कर्ण तपासा. प्रत्येक कर्ण १४ मीटर १४ सेंटिमीटर भरला पाहिजे. उताराच्या जागेत मात्र चौरसाचा हट्ट धरू नये. तिथे समपातळीच्या रेषेनेच ओळी घ्याव्यात, नाही तर माती वाहून जाईल.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. चार बांधांच्या मापावरून क्षेत्र ठरत नाही. एक तरी कर्ण मोजलाच पाहिजे.

२. क्षेत्र = कर्ण गुणिले दोन्ही लंबांची बेरीज, भागिले दोन. फूट मापले असतील तर १०८९ ने भागून गुंठे येतात. मीटर मापले असतील तर १०० ने भागून आर येतात. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे असले तरी एकच नव्हेत. ४० गुंठे म्हणजे सुमारे ४०.४७ आर.

३. जागेला पाच किंवा सहा कोपरे असतील, किंवा बांध वळत गेला असेल, तर जागेचे त्रिकोण पाडावेत आणि प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे काढून मिळवावे.

४. उतारावर फीत जमिनीला चिकटवून धरू नये. ती समपातळीत, आडवी धरून टप्प्याटप्प्याने मोजावे. नकाशातले क्षेत्र सपाट धरलेले असते. फीत उतारावर टाकली तर माप पुन्हा जास्तच येते.

५. 'घेर सारखा म्हणून जमीन सारखी' हे कधीही मानू नये.

६. घरी केलेले माप आपल्या माहितीसाठी. खरेदी, वाटप किंवा हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. हद्दीचे दगड आपल्या हाताने हलवू नयेत, तो गुन्हा आहे.

आता मोजणीची यंत्रे बदलली आहेत. साखळीच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली, उपग्रहाच्या खुणेवर चालणारे रोव्हर आले. पण यंत्र आले म्हणून चौकोनाचा स्वभाव बदलत नाही. मोजणीदार शेतात येईल तेव्हा तुम्ही बाजूला उभे राहू नका. त्याने कोणते कोपरे धरले, कोणता दगड धरला, ते विचारा आणि आदल्या दिवशी आपले माप काढून ठेवा. दोन्ही मापे जुळली तर समाधान होईल. जुळली नाहीत तर शांतपणे कारण विचारता येईल, आणि ज्याच्याजवळ आकडा आहे त्याला उत्तर मिळते.

या सुट्टीत पोराबाळांना घेऊन एक खाचर मोजा. सातवी-आठवीतल्या मुलांना कर्ण आणि लंब पुस्तकात भेटलेले असतात, ते त्यांना बांधावर दाखवा. दोरी घरातली आहे, फीत चार लोकांत एक पुरते, आणि हिशेब सिगारेटच्या पाकिटावरही मावतो. फक्त पाचवे माप घ्यायला विसरू नका.